पंचवीसच्या वेगाची स्कूटर घेऊ का?

प्रश्न: माझं वय 61. दांडिया बाजारात पहिल्या मजल्यावर राहते. सकाळी खंडेराव मार्केटमधून भाजी आणायची, दुपारी नातवाला शाळेतून आणायचं, एवढीच धाव. पण रिक्षाचा खर्च फार होतो. लायसन्स कधी काढलंच नाही. बिनालायसन्सची बॅटरीवरची स्कूटर घेऊ का? दुकानदार म्हणतो, एक वायर काढली की चाळीसनं पळेल.
— एक वाचक, बडोदे

उत्तर: ताई, जरूर घ्या. पण त्या वायरीला हात लावू देऊ नका. मोटर 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत, म्हणूनच तिला लायसन्स आणि पासिंग लागत नाही. वायर निघाली की कायद्यानं ती मोटार वाहन होते, आणि तुम्ही बिनालायसन्सच्या चालक. मागे नातू बसणार आहे, हे विसरू नका. एआरएआय किंवा आयकॅट या वाहन तपासणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र बिलासोबत मागून घ्या.

खरा प्रश्न बॅटरीचा. माझ्या पहिल्या स्कूटरला लेड-ॲसिडच्या चार बॅटऱ्या होत्या. मुलीच्या बाळंतपणासाठी दोन महिने पुण्याला गेले, गाडी तशीच अर्धी उतरलेली सोडून. परत आले तर गाडी कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबायची. मेकॅनिकनं सीट उचलून एकेका बॅटरीला मीटर लावला. प्रत्येक बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे आत सुमारे दोन-दोन व्होल्टचे सहा सेल. तीन ठीक निघाल्या, चौथी साडेदहा व्होल्टवर. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आकडा बघताच कळलं: सहापैकी एक सेल मेला. लेड-ॲसिड उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. आणि चारही एका माळेत जोडलेल्या, त्यामुळे एक रुसली की सगळ्या बसल्या.

शिवाय त्या चारांचं वजन पंचवीस-तीस किलो. ती तुम्ही जिन्यानं वर नेणार नाही, आणि गॅलरीतून वायर खाली सोडणं पावसाळ्यात धोक्याचं. तेव्हा काढून वर नेता येणारी लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी घ्या. महाग पडेल, पण हलकी असते आणि जास्त वर्षं टिकते. दुकानात ती स्वतः उचलून बघा. घरी जिन्याच्या किंवा दाराच्या तोंडाशी चार्जिंगला लावू नका. काही पेटलं तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी. चार्जर तिचाच वापरा. 48 व्होल्ट, 24 अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरायला दीड युनिटपेक्षा जास्त वीज लागत नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी गल्लीबोळांत शिरलं होतं, आठवतंच असेल. गाडी कधी बुडाली तर सुकली म्हणून चालू करू नका, चार्जिंगलाही लावू नका, आधी मेकॅनिक.

आपलं गाव बहुतेक सपाट, त्यामुळे 250 वॅट पुरतात. पुलांवर मात्र दोघं बसली की दम लागतो. म्हणून पैसे मोजण्याआधी दोघांनीही हेल्मेट घालून, नातवाला मागे बसवून, गाडी एकदा लालबागच्या पुलावर चढवून बघा.