एका झऱ्यावर दगडी मॉस, दुसऱ्यावर स्पंज, असं का?

प्रश्न: मी झेक प्रजासत्ताकात ब्रनोला जॉबला आहे, वीकेंडला डोंगरात भटकतो. स्लोव्हाकियाच्या बॉर्डरवर व्हाइट कार्पेथियन्समध्ये एका कुरणात झरा लागला, तिथलं मॉस हाताला चक्क कुरकुरीत, आणि खाली तर दगडच झालेला. पुढच्या महिन्यात बेस्किडीच्या डोंगरात गेलो तर तिथल्या झऱ्यावर मऊ गादी, बूट घोट्यापर्यंत आत. पाऊस तोच, थंडी तीच, मग एवढा फरक कसा? (एक वाचक, ब्रनो)

उत्तर: पाऊस तोच नाही बरं का, बेस्किडीत जास्त पडतो. पण खरं कारण वर नाही, खाली आहे. दोन्हीकडचा खडक फ्लिश, म्हणजे वालुकाश्म आणि चिकणमातीचे खडक यांचे थरावर थर, फक्त व्हाइट कार्पेथियन्समधल्या थरांत चुना भरपूर आणि बेस्किडीच्या बऱ्याच वालुकाश्मात तो जवळपास नाहीच. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, जरा आंबट होतं आणि वाटेत चुना असेल तर तो विरघळवत खाली जातं. झऱ्यातून बाहेर आलं की गॅस उडून जातो, थोडा मॉस स्वतःच खाऊन टाकतं, मग चुना पाण्यात राहत नाही, सरळ मॉसच्या फांद्यांवर बसतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो ना, तेच हे. शेंडा हिरवा वाढत राहतो आणि बूड दगड होत जातं, त्या दगडाला टुफा म्हणतात. सुटा पडलेला तुकडा दिसला तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा, फसफसेल.

बेस्किडीतली गादी म्हणजे स्फॅग्नम, नर्सरीत ऑर्किडच्या कुंडीसाठी मिळतं त्याचेच भाऊबंद. याच्या बहुतेक जातींना कॅल्शियम आणि जास्त पीएच एकत्र आले की सोसत नाही. पण पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, असेल तर हे स्वतःच पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेतं, बदल्यात हायड्रोजन आयन सोडतं आणि आजूबाजूचं सगळं आणखी आंबट करून टाकतं, म्हणजे भाडेकरू म्हणून आला आणि मालक होऊन बसला. दोन्हींच्या मधलं पाणी असलं की चुना सोसणारे थोडे स्फॅग्नमही सापडतात, तिथे तर वनस्पतींची अशी काही सरमिसळ असते की बघत बसावं.

आता यातली गंमत. चुन्याच्या झऱ्यावर रुंद पानांचं कॉटनग्रास, दलदलीतली ऑर्किड्स, गोगलगायी (शंखाला चुना लागतोच!) एवढं सगळं दिसतं की वाटतं जमीन एकदम कसदार असणार. अजिबात नाही. चुन्याबरोबर फॉस्फरसही अडकून बसतो, आणि एवढ्या पीएचला लोह मुळांना मिळणं कठीण होतं, चुनखडीच्या रानात डाळिंब-द्राक्षं पिवळी पडतात तसंच. म्हणजे क्षार भरपूर आणि खुराक नाही. इंग्रजीत याला ‘रिच फेन’ म्हणतात (फेन म्हणजे जमिनीतून येणाऱ्या पाण्यावर जगणारी पाणथळ), त्या ‘रिच’ने भले भले फसतात. उपाशी जागा आहे म्हणूनच बुटक्या वनस्पतींना तिथे जागा मिळते, खत उतरून आलं किंवा वर्षानुवर्षं कापणी थांबली की बोरू नाहीतर विलोची झुडपं चढतात आणि ऑर्किड्स गेली.

पाण्याच्या क्षारांचा आणि वनस्पतींचा असा मेळ स्वीडनच्या ह्यूगो शोर्सनी 1950 मध्येच मांडला होता. आणि कार्पेथियन झऱ्यांवर सगळ्यात जास्त काम कुठे झालंय म्हणाल तर तुमच्याच गावात, ब्रनोच्या मासारिक विद्यापीठात.

प्रश्न: कास पठारावर पण दवबिंदू (ड्रॉसेरा) ही कीटक खाणारी वनस्पती आहे, बेस्किडीच्या स्फॅग्नमवर पण असते म्हणे. मग कास पण फेन का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: नाही. कासला जांभ्यावर मातीचा पातळ थर, पाणी पावसाळ्यापुरतं, उन्हाळ्यात सगळं खडखडीत. फेनला बारमाही ओल लागते, तेव्हा कुठे वनस्पती न कुजता साचत जाऊन पीट तयार होतं. सारखं काय, तर भूक. नायट्रोजन-फॉस्फरस मुळांना पुरत नाही म्हणून दोन्हीकडे किडे धरायची वेळ आली, कासची सीतेची आसवं त्याच धंद्यातली. दवबिंदूच्या जातीही वेगळ्या आहेत, बेस्किडीतली गोल पानांची.

आणि ब्रनोकर, परत जाल तेव्हा पीएचच्या पट्ट्या आणि वॉटर प्युरिफायरवाल्यांकडे असतो तो टीडीएस मीटर खिशात टाका. टुफावाल्या पाण्याचा पीएच 7 ते 8 येईल, टीडीएस शेकड्यात. स्फॅग्नमच्या गादीत पीएच 4-5 पर्यंतही उतरतो आणि मीटर जेमतेम हलतो. फक्त मोजताना कडेच्या गवतावर उभे राहा, मॉसवर नको, ते कुरकुरीत मॉस बुटाखाली पापडासारखं मोडतं.