ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचा पंप

प्रश्न : वडील 71 वर्षांचे. पुढच्या सोमवारी बायपास. हृदयाचं पंपिंग 25 टक्के. आदल्या रात्री मांडीतून बलून पंप घालून ठेवू, असं डॉक्टर म्हणतात. ऑपरेशनच्या आधीच मशीन, म्हणजे हृदय बंद पडायला आलंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. आणि हा अँजिओप्लास्टीचा फुगाही नव्हे. भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना हा घोळ मी कितीदा निस्तरलाय! आधी पंपिंगचं बघू. दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं, तो हा आकडा. 25 म्हणजे शंभरापैकी 25 गुण नव्हेत. धडधाकट हृदयाचंही साठच्या आसपासच असतं. तरी 25 कमीच, आणि भूल देताना रक्तदाब घसरला तर असं हृदय चटकन दमतं. म्हणून ही तजवीज.

लांबट फुगा मांडीच्या धमनीतून वर सरकवून छातीतल्या महाधमनीत ठेवतात. हृदय सैलावलं की तो हेलियमने फुगतो आणि रक्त हृदयाच्याच धमन्यांकडे रेटतो. हृदय आवळायच्या क्षणी मिटतो, त्यामुळे रक्त बाहेर ढकलायला जोर कमी लागतो. हृदयाचं काम तो आपल्या अंगावर घेत नाही, हातभार लावतो.

सगळ्यांनाच आधीपासून लावावा का? ब्रिटनमध्ये 301 जोखमीच्या रुग्णांवर चाचणी झाली, 2010 साली छापली गेली. अँजिओप्लास्टीआधी पंप लावलेल्यांत आणि न लावलेल्यांत 28 दिवसांत मोठ्या गुंतागुंतींचा फरक दिसला नाही. मात्र न लावलेल्यांपैकी सुमारे 12 टक्क्यांना ऐनवेळी तो लावावाच लागला. ती अँजिओप्लास्टीची गोष्ट, तुमच्याकडे बायपास आहे. तरीही सरसकट लावू नये, हे मला पटतं. पण पंपिंग इतकं कमी असताना मध्यरात्रीच्या धावपळीत घालण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी निवांत घातलेला मला बरा वाटतो.

सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा : महाधमनीची झडप गळते का, आणि पायांच्या धमन्या मोकळ्या आहेत का. झडप बरीच गळत असेल तर हा पंप चालत नाही. वडिलांना मधुमेह असेल, विडी-सिगारेट असेल, तर दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

पंप असलेला पाय रात्रभर सरळ ठेवावा लागेल, उठून बसता येणार नाही. यंत्राची टकटक चालूच राहील. ती थांबली नाही म्हणून घाबरू नका. भेटायला सोडलं की पावलाला हात लावून बघा. गार लागलं, मुंग्या येतात असं ते म्हणाले, तर सिस्टरना तिथल्या तिथे सांगा.