“आई असून मला आधी कसं कळलं नाही?”

वेस्ट सिंड्रोमचं निदान झालेल्या बाळाची आई हा प्रश्न विचारतेच. लहान बाळांमधला हा अपस्माराचा दुर्मीळ प्रकार. बहुधा तीन महिने ते एक वर्ष या वयात सुरू होतो आणि फिटसारखा दिसतच नाही.

सात महिन्यांच्या एका मुलीचं असंच झालं. झोपेतून उठली की दोन्ही हात फेकून मान पुढे टाकायची, सैल पडायची, काही सेकंदांनी पुन्हा तेच. अशी माळच लागायची. घरात कुणी म्हणालं दचकते, कुणी म्हणालं पोटात मुरडा येतोय. आजीने दृष्ट काढली, जवळच्या दवाखान्यातून गॅसचे थेंब आले. दीड महिन्याने पोरीचं हसणं थांबलं, तेव्हा कुठे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, निघाला.

“तुमची चूक नाही” एवढं म्हणून कुणाचा अपराधीपणा जात नाही. म्हणून समुपदेशनात मी तिच्या आईला विल्यम वेस्ट यांच्याबद्दल सांगितलं. या आजाराला त्यांचंच नाव आहे. इंग्लंडमधले डॉक्टर. १८४१ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून स्वतःच्या मुलाचा आजार कळवला. बाळ मान पुढे टाकायचं, ती आधी आपल्याला नुसती खोड वाटली, असं त्यांनीच त्यात लिहिलंय. तिने दोनदा विचारलं, “बाप डॉक्टर होता ना?” मग कितीतरी वेळ रडली. मी रडू दिलं.

खरं अवघड पुढेच होतं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध सुरू झालं. चिडचिड, अखंड भूक, रात्रभर जागरण. चेहरा सुजला, तर शेजारच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, “छान बाळसं धरलंय गं!” त्या दिवशी तिला औषध बंदच करावंसं वाटलं. हे औषध मनाने एकदम थांबवणं धोक्याचं असतं, ते डॉक्टरच हळूहळू कमी करतात. ते तिला समजावलं, आणि काकूंना द्यायचं उत्तरही आम्ही दोघींनी म्हणून पाहिलं: “औषधाची सूज आहे काकू, फिटचा इलाज चालू आहे.” लपवायचं नाही, एवढं तिने ठरवलं.

आजी माझ्या खोलीत यायच्याच नाहीत. दृष्ट काढत बसल्याचं त्यांना खात होतं. त्यांना लिहिता येत नाही, पण पहाटे सगळ्यांआधी उठतात. तेव्हा सकाळच्या झटक्यांची मोजणी मी त्यांच्याकडे दिली: एका माळेला एक रेघ, कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत. आईला पहाटेची दोन तास झोप मिळू लागली. डॉक्टरही तपासणीआधी ते पान मागून घेत. माझ्या मते त्या घराला सगळ्यात जास्त आधार या रेघांनी दिला.

तुमचं बाळ असं माळेने दचकत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. इथे दिवस मोलाचे असतात.

मुलीचे झटके आता थांबलेत. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तिची फिजिओथेरपी चालते, आधाराने बसते. “बोलेल ना?” असं आई विचारते. झटके कशामुळे आले यावर पुष्कळ अवलंबून आहे, आज कुणीच ठाम सांगू शकत नाही, असंच मी तिला सांगते. पुढच्या महिन्यात पुन्हा ईईजी आहे. निदानाच्या दिवशी बाहेर गाडीपाशीच थांबलेले मुलीचे वडील या वेळी सुट्टी काढून आत येणार आहेत.