मायक्रोसॉफ्ट मनीतला घरचा हिशोब विंडोजवरून लिनक्सवर कसा हलवावा?

तुमचा प्रश्न असा आहे: २००४ पासूनचा घरचा हिशोब मायक्रोसॉफ्ट मनीत आहे, विंडोज १० काढून त्याच संगणकावर लिनक्स मिंट टाकायचे आहे, वडील मात्र त्यांच्या लॅपटॉपवर विंडोजच वापरणार, आणि तरी दोघांना एकच हिशोब बघता आला पाहिजे. हे जमते. माझ्या नात्यातल्या दोन-तीन घरांचे हिशोब मी असे हलवून दिले आहेत. फक्त एक पथ्य पाळा: मनीतून जे काही बाहेर काढायचे ते सगळे काढून, जुळवून होईपर्यंत विंडोज पुसू नका. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरे, पण इंटरनेटची वायर काढून तो संगणक आणखी महिनाभर चालवला तर काही बिघडत नाही.

मनीची विक्री मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये थांबवली. पुढच्या वर्षी ‘सनसेट’ नावाची फुकट आवृत्ती काढली आणि जानेवारी २०११ मध्ये ऑनलाइन सेवाही बंद केली. त्याची डॉट एमएनवाय फाइल म्हणजे आतून अ‍ॅक्सेसच्या जातीचा, पण कुलूपबंद केलेला डेटाबेस. लिनक्सवरचा कुठलाही नेहमीचा हिशोबाचा प्रोग्रॅम तो सरळ उघडत नाही. ‘वाइन’ (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे साधन) घालून मनीच लिनक्सवर चालवा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. चालले तरी तुम्ही त्याच बंद पडलेल्या प्रोग्रॅममध्ये अडकून राहणार, मग एवढा खटाटोप कशाला? आत्ता एकदा त्रास घ्या आणि मोकळे व्हा.

नवा प्रोग्रॅम म्हणून मी ग्नूकॅश सुचवेन. होमबँक शिकायला सोपा आहे, केमायमनीही चांगला आहे. पण ग्नूकॅश लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हींवर फुकट मिळतो, तिन्हीकडे तीच फाइल उघडतो, आणि मुळातच जमा-नावे अशा दुहेरी नोंदीवर चालतो. म्हणजे प्रत्येक रकमेला दुसरी बाजू असावीच लागते. हलवताना कुठे काही सांडले तर ते ‘इम्बॅलन्स’सारख्या वेगळ्या खात्यात उघडे पडते. वडिलांनी कधी रोजकीर्द-खतावणी लिहिली असेल तर त्यांना तो तुमच्याआधी कळेल. मराठी भाषांतरही आहे, पण मदतीचे लेख बहुतेक इंग्रजी मेनू धरून लिहिलेले असतात, म्हणून सुरुवातीला इंग्रजीच ठेवा.

आता, सगळे हलवायचे का? माझे मत स्पष्ट आहे. बँक, रोख आणि क्रेडिट कार्डाची खाती पूर्ण हलवा, ती सहज येतात. म्युच्युअल फंड आणि शेअर्स जुन्या फायलीतून आणूच नका. त्यांचा इतिहास करासाठी लागतो. ३१ जानेवारी २०१८ किंवा त्याआधी घेतलेले इक्विटी फंड वा शेअर आज विकले तर भांडवली नफा काढताना त्या दिवसाचा भाव धरता येतो, पण तुलनेला मूळ खरेदीची किंमत हवीच. ती तुमच्या मनीपेक्षा भरवशाच्या जागी आधीच आहे. फंडांसाठी कॅम्स किंवा केफिनटेक या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडून पहिल्या दिवसापासूनच्या व्यवहारांचे एकत्रित विवरण ईमेलवर मागवता येते, शेअर्ससाठी ब्रोकरची विवरणे असतात. शिवाय सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकानंतर कितीतरी योजनांची नावे बदलली, काही एकमेकींत विलीन झाल्या. मनीतली २००८ ची नावे आजच्या नावांशी जुळवत बसलात तर दोन रविवार सहज जातील. त्यापेक्षा विवरण समोर ठेवून प्रत्येक योजना नव्याने लिहा. पुढे भाव आपोआप यावेत असे वाटले तर ग्नूकॅशसोबत चालणारे ‘फायनान्स कोट’ नावाचे पर्ल भाषेतले मॉड्यूल वेगळे बसवावे लागू शकते. ते भारतीय फंडांचे एनएव्ही, म्हणजे एका युनिटचे भाव, अ‍ॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून आणते.

बँकेच्या खात्यांकडे येऊ, कारण खरे काम तिथे आहे. मनीतून बाहेर पडायची वाट म्हणजे क्यूआयएफ. क्विकन या जुन्या हिशोबाच्या प्रोग्रॅमच्या जमान्यातला हा साधा मजकुराचा प्रकार आहे, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो. एका ओळीत एक गोष्ट: डी अक्षराने सुरू होते ती तारीख, टी म्हणजे रक्कम, पी म्हणजे कोणाला दिले, एल म्हणजे खर्चाचा प्रकार, आणि एक टोपीचे चिन्ह (^) आले की नोंद संपली. मनीत फाइल मेनूतल्या एक्सपोर्टमधून एका वेळी एकच खाते बाहेर पडते. ‘लूज’ की ‘स्ट्रिक्ट’ असे विचारले की मी स्ट्रिक्ट घेतो. फायलीला पासवर्ड असेल तर आधी काढून टाका, नंतर आठवत नाही.

खाती काढताना बंद झालेली खाती विसरू नका. हा मुद्दा लोकांच्या हमखास नजरेतून सुटतो, कारण मनी ती लपवून ठेवते. २००९ मध्ये मोडलेली एफडी, नोकरी बदलल्यावर बंद केलेले पगाराचे खाते, सगळे काढा. कारण असे की क्यूआयएफमध्ये एका खात्यातून दुसऱ्यात पैसे गेले की खर्चाच्या प्रकाराच्या जागी दुसऱ्या खात्याचे नाव चौकोनी कंसात येते. त्या खात्याची स्वतःची फाइल तुम्ही दिली नाही तर ग्नूकॅश नुसत्या कंसातल्या नावावरून ते खाते तयार करते. त्यात सुरुवातीची शिल्लक नसते, व्याज नसते, आणि मग एक बंद खाते आयुष्यभर उणे सव्वा लाख दाखवत बसते.

याच कंसांमुळे दुसरी गोष्ट. एटीएममधून काढलेले पाच हजार बचत खात्याच्या फायलीतही असतात आणि रोखीच्या फायलीतही. कार्डाचे बिल भरले तर तेही दोन्हीकडे. म्हणून सगळ्या फायली एकाच बैठकीत आत घ्या. ग्नूकॅशचा क्यूआयएफ मदतनीस एक फाइल घेतली की ‘आणखी एक घ्या’ म्हणतो, तिथे थांबू नका. सगळ्या एकत्र दिल्या तर तो जोड्या ओळखून एकच नोंद करतो, एकेक करून आठवड्याभरात दिल्या तर दुबार नोंदी निस्तरण्याचे काम तुमच्याकडे येते. खात्याचे नाव विचारले तर मनीत होते तेच, अक्षरन् अक्षर द्या. ‘बचत खाते’ आणि ‘बचतखाते’ ही त्याच्या लेखी दोन वेगळी खाती आहेत. नव्या खात्यांचे चलन विचारेल तेव्हा भारतीय रुपया निवडला आहे ना ते बघा, संगणकाची भाषा अमेरिकन इंग्रजी असेल तर डॉलर आलेला असू शकतो.

आणि तारीख. आपण ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल लिहितो, अमेरिकन वळणाचा प्रोग्रॅम ते ४ मे वाचतो. क्यूआयएफ फायलीत दिवस आधी की महिना आधी हे कुठेही लिहिलेले नसते. पगाराच्या खात्यात कुठेतरी २७ तारीख असतेच, त्यावरून ग्नूकॅशला क्रम कळतो. खरा धोका लहान खात्यांत आहे. ज्या एफडीत वर्षातून चार वेळा, तेही दर तिमाहीच्या १ तारखेला व्याज जमा होते, त्या फायलीत १२ च्या पुढचा एकही दिवस नाही. तिथे ग्नूकॅश तुम्हाला विचारतो आणि आपण घाईत पुढे दाबतो. शिल्लक बरोबर दिसते, पण १ ऑक्टोबरचे व्याज त्याच वर्षाच्या १० जानेवारीला जाऊन बसते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात. १ जुलैचे व्याज ७ जानेवारीला आणि १ एप्रिलचे ४ जानेवारीला, तीही मागच्याच आर्थिक वर्षात जातात. एक्सपोर्ट करण्याआधी विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये तारखेचा क्रम काय आहे ते बघून कागदावर लिहून ठेवा, आणि प्रत्येक फायलीच्या पहिल्या दहा ओळी डोळ्यांखालून घाला.

देवनागरीत नावे लिहिली असतील तर आधी एका खात्यावर प्रयोग करा. क्यूआयएफमध्ये अक्षरे कुठल्या पद्धतीने साठवली हे सांगायची सोय नाही आणि जुन्या विंडोज प्रोग्रॅममधून काढताना ‘किराणा’ची प्रश्नचिन्हे होऊ शकतात. एकदा प्रश्नचिन्ह झाले की मूळ अक्षर परत येत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केले असेल तर प्रकार वेगळा: आत रोमन अक्षरेच साठवलेली असतात, लिनक्सवर फॉन्ट नसल्याने ती अगम्य दिसतात, पण माहिती शाबूत असते. अशा वेळी फक्त नावांच्या ओळी युनिकोडमध्ये बदलून घ्यायच्या. आख्खी फाइल परिवर्तकात टाकली तर तारखा आणि रकमांच्या ओळींचाही खुर्दा होतो.

अंदाजपत्रक आणि दरमहा येणाऱ्या नोंदी, म्हणजे हप्ते, एसआयपी वगैरे, क्यूआयएफमधून येत नाहीत. त्या हाताने पुन्हा भरा. तासाभराचे काम.

मग ताळा. आजची शिल्लक जुळली म्हणून समाधान मानू नका, दोन चुका एकमेकींना झाकतात. प्रत्येक खात्याची दर ३१ मार्चची शिल्लक मनीत आणि ग्नूकॅशमध्ये शेजारी शेजारी लिहा. २०१२ ला जुळते आणि २०१३ ला नाही, तर चूक त्या एका वर्षात आहे, मग त्या वर्षातले सहा महिने, मग तीन. वीस वर्षांच्या नोंदी वाचत बसावे लागत नाही. सगळे जुळले की मनीतून वर्षवार अहवाल पीडीएफमध्ये काढा, मूळ डॉट एमएनवाय फाइल दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि मग खुशाल मिंट टाका.

इथून पुढे लिनक्स की विंडोज हा प्रश्न जवळजवळ संपतो. डॉट ग्नूकॅश फाइल म्हणजे आवळून ठेवलेला एक्सएमएल मजकूर, ती पेनड्राइव्हवरून नेली की कुठेही उघडते. त्याच फोल्डरात तारीख-वेळ असलेल्या अनेक जुन्या प्रती आणि लॉग फायली दिसतील, त्या नेण्याची गरज नाही. पण तुम्ही जतन केलेले अहवाल आणि आवडीनिवडी त्या फायलीत नसतात, लिनक्सवर त्या तुमच्या घरफोल्डरात दडलेल्या आणि विंडोजवर अ‍ॅपडेटात किंवा रजिस्ट्रीत असतात. अहवालाची मांडणी दुसरीकडे पुन्हा करावी लागली तर गोंधळू नका. बिलांचे फोटो नोंदींना जोडणार असाल तर पसंतीच्या (प्रेफरन्सेस) चौकटीत जोडपत्रांचे मूळ फोल्डर आधी ठरवा. नाहीतर ‘सी’ ड्राइव्हचा आख्खा पत्ता नोंदीत जातो आणि लिनक्सवर तो फोटो सापडत नाही.

राहिला वडिलांचा आणि तुमचा एकच हिशोब. ग्नूकॅश एका वेळी एकाच माणसासाठी आहे. डेटाबेसमध्ये साठवण्याची सोय असली तरी दोघांनी एकाच वेळी लिहिण्याची नाही. फाइल उघडली की शेजारी कुलपाची एक छोटी फाइल तयार होते आणि दुसऱ्याला इशारा मिळतो. पण फाइल क्लाउडच्या फोल्डरात ठेवली तर ते कुलूप दुसऱ्या संगणकावर पोहोचेपर्यंत वडिलांनी दुधाचे बिल लिहून टाकलेले असते, आणि मग दोन वेगवेगळ्या प्रती तयार होतात. फोल्डर वापरा, पण घरात ठरवून घ्या: लिहिणार एकच जण, माझ्या मते वडील, आणि तुम्ही ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडायचे, तो पर्याय ग्नूकॅश स्वतःच देतो. दोन्हीकडे आवृत्ती सारखी ठेवा. मिंट जिथून प्रोग्रॅम उतरवते त्या भांडारात ती बहुधा जुनी असते आणि वडिलांनी संकेतस्थळावरून नवी उतरवलेली असते. नव्यात जतन केलेली फाइल जुनी आवृत्ती कधी कधी उघडायलाच नकार देते. तुम्ही फ्लॅटहब या लिनक्स प्रोग्रॅमच्या वेगळ्या भांडारातून ग्नूकॅश घेतलात तर तो प्रश्न येणार नाही.