आरोग्यमंत्री आपल्याच जिल्ह्याचे, मग आमदारानं प्रश्न कशाला विचारायचा?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की गावातल्या दवाखान्याची अडचण आमदारांना नुसती तोंडी सांगू नका, ती विधानसभेत प्रश्न म्हणून मांडायला लावा. त्यावर कोल्हापूर जिल्ह्यातून लई पत्रं आलीत, त्यातली काही इथं घेतलीयत.

प्रश्न : ताई, सार्वजनिक आरोग्य खातं आमच्या राधानगरीच्या आमदारांकडं आणि वैद्यकीय शिक्षण कागलच्या. दोन्ही मंत्री जिल्ह्यातलेच. फोन केला की काम होतंय, मग विधानसभेत प्रश्न विचारून वेगळं काय मिळणार? (एक वाचक, राधानगरी तालुका)

डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात प्रकाश आबिटकर यांच्याकडं सार्वजनिक आरोग्य आणि हसन मुश्रीफ यांच्याकडं वैद्यकीय शिक्षण आलं, जिल्ह्याला आनंद झाला आणि तो व्हायलाच पाहिजे होता. पण दादा, फोनवर होणारं काम एका पेशंटचं असतंय. तुमच्या भावाला बेड मिळाला, चांगलं झालं, पण ज्या बाईकडं कुणाचाच नंबर नाही आणि जी लेकराला घेऊन एसटीनं येते, तिच्यासाठी त्या फोननं काय बदललं? विधानसभेतल्या प्रश्नाचं उत्तर छापील येतं, खात्याच्या नावावर येतं, सगळ्या जिल्ह्याला वाचता येतं, आणि सभागृहाला जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर तो हक्कभंगाचा विषय होतो, त्यामुळं खाली तालुक्यापर्यंत फाईल हलते, आकडे मागवले जातात. फोनला हे कुठलं जमणार.

अजून एक लक्षात घ्या. मंत्री म्हणजे सरकार, ते सभागृहात उत्तर देतात, प्रश्न विचारत नाहीत. म्हणजे राधानगरी आणि कागलच्या लोकांसाठी प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारायला पाहिजे. जिल्ह्यात मतदारसंघ १० आहेत, आणि विधानसभेतल्या २८८ पैकी कुठल्याही आमदाराला राज्यातल्या कुठल्याही दवाखान्याबद्दल विचारता येतं, आपल्या मतदारसंघातलाच पाहिजे असं काही नाही. विधान परिषदेचे ७८ सदस्य वेगळेच, त्यात पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक या दोन मतदारसंघांत कोल्हापूर येतं, तिकडं तर आपल्याकडचं कुणी फिरकतच नाही.

प्रश्न : १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात उपचार मोफत झाले असं वाचलं होतं. तो नियम सीपीआरला पण आहे का? नसेल तर आमदारांनी कुणाला विचारायचं? (एक वाचक, कसबा बावडा)

या एका प्रश्नात सगळी मेख आहे बघा. तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा होता, त्यांच्या ताब्यातल्या रुग्णालयांपुरता. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं, म्हणून ते त्या निर्णयात बसलं नाही. तुमच्या लाईन बाजारचं सेवा रुग्णालय मात्र सार्वजनिक आरोग्य विभागाचं. आणि सावित्रीबाई फुले रुग्णालय महापालिकेचं, तिथला विषय काढला तर तो नगरविकास विभागाकडं जातो. शहर एकच, पेशंट तोच, पण तीन दवाखान्यांचे धनी तीन वेगळे. गावाकडं गेलं की अजून एक धनी वाढतो, तिथं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय थेट राज्याचं.

पेशंटला यातलं काही माहीत असायचं कारण नाही आणि ते माहीत करून घ्यायची जबाबदारी त्याच्यावर टाकणं मला पटत पण नाही. पण आमदारांच्या ऑफिसला माहीत पाहिजेच, कारण प्रश्न चुकीच्या विभागाच्या नावानं गेला की तो या विभागाकडून त्या विभागाकडं फिरत राहतो आणि तेवढ्यात अधिवेशन संपतं. तेव्हा निवेदन देताना दवाखान्याचं पूर्ण नाव आणि तो कुठल्या विभागाचा हे तुम्हीच वर लिहून द्या. आणि सीपीआरबद्दल विचारायचंच असेल तर वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना सरळ असं विचारायला सांगा की सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत जे मोफत आहे ते वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मोफत करायचा प्रस्ताव आहे का, असेल तर कुठल्या टप्प्यावर आहे, आणि त्याला वर्षाला किती खर्च येईल. माझं मत स्पष्ट आहे, गरिबाला सीपीआरच्या दारात तोच हक्क मिळाला पाहिजे जो लाईन बाजारात मिळतो, विभाग कुठला हे त्याच्या आजाराला कळत नाही.

प्रश्न : आमच्या आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर मिळत नाहीत, साप चावला तर मलकापूर नाहीतर थेट कोल्हापूर. आमदारांनी प्रश्न टाकला होता पण उत्तर आलं 'हे खरे नाही' आणि पुढच्या सगळ्याला 'प्रश्न उद्भवत नाही'. आता काय करायचं? (एक वाचक, शाहूवाडी तालुका)

तुमची चीड मला समजते. पण तुम्ही पाठवलेला प्रश्न मी वाचला, तो असा होता : आरोग्य केंद्रात डॉक्टर नसल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. या साच्यात पहिलाच मुद्दा 'खरे नाही' म्हणून नाकारला की खालचं सगळं आपोआप गळून पडतं. कागदावर डॉक्टरची नेमणूक असते, हजेरी असते, मग गैरसोय होतेय हे कोण कबूल करणार? म्हणून हो किंवा नाही असं उत्तर देता येईल असा प्रश्न विचारूच नका, आकडा मागा.

मी असा लिहून देते बघा. अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे किती. गेल्या सहा महिन्यांत रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत किती रुग्ण तपासले आणि किती पुढे पाठवले, महिनावार. दर महिन्याच्या १ तारखेला सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या शिल्लक होत्या. सर्पदंशाचे किती रुग्ण आले, किती जणांना तिथेच लस दिली. रिक्त पदे कोणत्या महिन्यापर्यंत भरणार.

कुप्यांचा आकडा मी मुद्दाम घातलाय. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते आणि विष भिनल्याची लक्षणं दिसली तर पहिल्या डोसलाच साधारण ८ ते १० कुप्या लागतात. आता दोनच कुप्या असल्या तरी 'साठा उपलब्ध आहे' हे उत्तर खोटं ठरत नाही, पण ऊसाच्या फडात घोणस चावलेल्या माणसाला त्या दोन कुप्यांचा काय उपयोग? औषधसाठ्याची नोंद ई-औषधी या संगणक प्रणालीवर असते, त्यामुळं महिनावार आकडा काढणं अवघड नाही, मागणारा पाहिजे.

आणि प्रश्न तारांकित टाकायला सांगा, म्हणजे तोंडी उत्तर मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात, खरी पकड तिथंच बसते. अडचण एवढीच की प्रश्नोत्तराच्या तासात थोडेच प्रश्न प्रत्यक्ष चर्चेला येतात, बाकीच्यांची नुसती छापील उत्तरं मिळतात. अतारांकितला तर लेखीच उत्तर, पण लांबलचक आकडेवारी हवी असेल तर तेच बरं पडतं. उत्तरानं समाधान झालं नाही तर आमदारांना नियम ९४ खाली अर्धा तास चर्चा मागता येते, नाहीतर नियम १०५ ची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, आहेच. मंत्र्यांनी सभागृहात 'पदे भरू' असं आश्वासन दिलं तर ते आश्वासन समितीकडं, म्हणजे सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का हे बघणाऱ्या आमदारांच्या समितीकडं जातं, त्याची तारीख तुमच्या वहीत लिहून ठेवा आणि आमदारांना आठवण करत राहा.

प्रश्न : हेच सगळं खासदारांकडून लोकसभेत विचारून घेतलं तर जास्त वजन पडेल ना? (एक वाचक, इचलकरंजी)

नाही पडणार. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे, त्यामुळं तुमच्या आयजीएम म्हणजे इंदिरा गांधी सरकारी दवाखान्यातल्या रिक्त पदांबद्दल दिल्लीत विचारलं तर केंद्र राज्याकडं बोट दाखवणार. खासदारांकडं केंद्राचे विषय न्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी राज्याला किती आला, क्षयरोगाच्या औषधांचा पुरवठा, आयुष्मान भारत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करायचं ठरलं होतं, त्याचं काय झालं हे विचारायची जागा मात्र लोकसभाच. तिथं दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. त्याच धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या बजेटच्या ८ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा असं पण आहे, ते मुंबईत विचारायचं.

प्रश्न : कोल्हापुरात शेंडा पार्कात एवढं मोठं सरकारी हॉस्पिटल होतंय, मग रोज प्रश्न विचारत बसायची गरज काय? (एक वाचिका, राजारामपुरी)

ताई, होतंय हे फार चांगलं आहे. पण इमारतीची मंजुरी वेगळी आणि माणसांची मंजुरी वेगळी. डॉक्टर, नर्स, टेक्निशियन, सफाई कर्मचारी यांची पदं मंजूर व्हायला वित्त विभागाची संमती लागते, मग भरती, आणि यात वर्षं जातात, तोवर कुलूपबंद वॉर्ड आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मशिनं असं चित्र राज्यात बऱ्याच ठिकाणी दिसलंय. म्हणून बांधकाम चालू असतानाच पदनिर्मितीचा प्रस्ताव कधी पाठवला, किती पदांचा आणि कुणाकडं अडकलाय हे विचारलं पाहिजे. उद्घाटनानंतर विचारून उशीर होतो.

प्रश्न : आकडे आमच्याकडं नाहीत आणि आमदारांचे पीए म्हणतात पुरावा आणा. कुठनं आणायचा? (एक वाचक, चंदगड)

पीएंचं म्हणणं बरोबर आहे. माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही, आणि आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे हे विसरू नका. आरोग्य केंद्राच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावानं औषधसाठा रजिस्टर आणि पुढं पाठवलेल्या रुग्णांचं रजिस्टर यांच्या प्रती मागा, पेशंटची नावं झाकून द्या असं स्वतःहून लिहा म्हणजे खाजगी माहिती म्हणून अडवणार नाहीत. ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. नागपूरचं अधिवेशन बहुतेक डिसेंबरात असतं आणि प्रश्न त्याच्या कितीतरी आठवडे आधी ऑनलाइन द्यावे लागतात, तेव्हा गणपतीत अर्ज टाकला तर दसऱ्याच्या आसपास कागद हातात येतात, आणि उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करायला पण वेळ उरतो. कागद आले की त्यांच्या झेरॉक्स एकाच आमदारांना नको, दोन-तीन जणांना द्या, त्यात एक विरोधी बाकावरचा असू द्या, आणि प्रत्येकाकडून पोच घ्या.