स्नेक प्लांटला फूल हवंय? आधी एवढं सांभाळा

स्नेक प्लांटला फूल येत नाही म्हणून काळजीत आहात? पानं चांगली असतील तर तुमचं रोप निरोगी आहे. फूल न येणं हा रोग नाही, त्यामुळे औषधं आणू नका. वय झालं, उजेड मिळाला आणि मुळांनी कुंडी भरली की हे झाड फुलतं. पानाच्या तुकड्यापासून केलेल्या रोपाला मात्र काही वर्षं द्यावीच लागतात.

१. उजेड सगळ्यात महत्त्वाचा. हॉलच्या कोपऱ्यात पानं जगतात, फुलं येत नाहीत. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं दोन-तीन तास ऊन द्या, पण पंधरा दिवसांत हळूहळू सरकवत न्या. नागपूरचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन, त्यातून नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), पानांवर पांढरट-तपकिरी चट्टे पाडतो आणि ते कधीच जात नाहीत. तेव्हा ग्रीन नेट हवीच.

२. दरवर्षी कुंडी बदलू नका. नवे लोक इथेच चुकतात. मुळं दाटली तरच फुलाची आशा.

३. काडी दोन इंच खुपसा, कोरडी निघाली तरच पाणी. हिवाळ्यात तीन आठवड्यांनी चालतं. पावसाच्या झडीत छपराखाली घ्या, नाहीतर बुंधा मऊ पडून सडतो.

४. युरिया नको. पावसाळ्याच्या सुरुवातीला मूठभर गांडूळखत पुरे.

दांडा बुंध्यापासून वर येतो. हिरवट-पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, वास छान असतो. दांड्यावर चिकट थेंब दिसतील. तो फुलांचा मकरंद आहे, कीड समजून फवारणी करू नका. फुललेल्या कोंबाला पुढे नवीन पान येत नाही, बाजूची पिल्लं वाढतात. ती तोडू नका.