आधी रंग वाळू दे

सप्रेम आशीर्वाद.

‘मन मोकळं व्हावं म्हणून रंगवते, पण रंगवून झालं की आणखीच वाईट वाटतं. समोर नुसता चिखल असतो आणि वाटतं, आपल्या आत हेच भरलंय.’ तुझ्या पत्रातल्या या ओळींपाशी मी बराच वेळ थांबले. ‘तुझ्यात गुण आहेत, काढत राहा’ असलं काही मी लिहिणार नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि त्याने चिखल कमी होत नाही. आधी त्या चिखलाचंच बघू.

तो तुझ्या मनातला नाही. तुझ्या चित्रात घडलंय ते असं: अल्ट्रामरीन या गडद निळ्याचा ओला थर, पंधरा मिनिटांच्या आत त्यावर कॅडमियम ऑरेंज, लगेच हिरवा, आणि हे सगळं एकाच हॉग हेअर (डुकराच्या राठ केसांच्या) ब्रशने, मधे न धुता घासलेलं. निळा आणि नारिंगी हे विरोधी रंग. ओले असताना एकत्र आले की एकमेकांना मारतात आणि करडा-तपकिरी गाळ तेवढा उरतो. अगदी आनंदात असलेल्या माणसाने ब्रश फिरवला असता तरी तिथे हाच रंग आला असता! तोच निळा पूर्ण वाळला असता आणि त्यावरून नारिंगी जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढला असता, तर कॅनव्हासच्या विणीतून निळा डोकावत राहिला असता आणि दोन्ही रंग जिवंत राहिले असते. म्हणून सांगते, आधी रंग वाळू दे.

वाळला हे ओळखायचं कसं? बोटाची मागची बाजू अलगद टेकव. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. अ‍ॅक्रिलिकचा पातळ थर कोरड्या हवेत वीस-तीस मिनिटांत वाळतो, पण पावसाळ्यात त्याच्या दुप्पट वेळही कमी पडतो. सुरीने जाड लावलेल्या रंगावर लवकर साय धरते, आत मात्र तो कित्येक दिवस ओला राहतो. हेअर ड्रायर लावू नकोस. वरचा पापुद्रा आवळतो आणि पुढे भेगा दिसायला लागतात. रंग नुसत्या पाण्याने फार पातळ करू नकोस. त्यातला चिकटा विरळ झाला की थर नीट धरत नाही, पुढच्या ओल्या ब्रशबरोबर उठून येतो. पातळच हवा असेल तर मीडियम, म्हणजे बिनरंगाचा चिकटा, घाल. ऑइलचं, म्हणजे तैलरंगांचं, गणित वेगळं आहे. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो, टिटॅनियम व्हाइटला आठवडाभर लागतो, काही लाल त्याहून रेंगाळतात. खाली कमी तेलाचा थर, वर जास्त तेलाचा. उलट केलंस तर तडा जाणारच. आणि ऑइलवर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही, ते धरत नाही.

आता तू म्हणशील, मला रात्री दोन वाजता रडू येतंय आणि ही थर वाळायच्या गोष्टी सांगतेय. हो, सांगतेय. कारण रात्री दोन वाजता तू ज्या चित्रावरून स्वतःची परीक्षा घेतेस, ते चित्र तोवर तयारच झालेलं नसतं. अ‍ॅक्रिलिकमधला चिकटा ओला असताना दुधट असतो. तो वाळून पारदर्शक झाला की रंग एखादी छटा गडद होतो. त्यात तुझ्या खोलीत पिवळा दिवा. त्या उजेडात निळे मरतात, पांढरा आणि फिकट पिवळा वेगळे ओळखू येत नाहीत. अशा उजेडात, ओल्या रंगावर, रडून सुजलेल्या डोळ्यांनी दिलेला निकाल तू खरा मानतेस? चित्र म्हणजे तापाचा तक्ता नव्हे. रंग वाळू दे, सकाळ होऊ दे, मग बघ.

हा माझा हट्ट आहे, आणि तो मी सोडणार नाही. थांबायला सांगितलं की तरुण मुलांना वाटतं, ही बाई भावना मारायला सांगतेय. उलट आहे. भावनेला टिकायला जागा लागते, आणि ओल्यावर ओलं लावून ती जागाच बुजते. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास करायचे. रोलर आणि सुरीने थर देणं, खरवडणं, आणि त्याहून जास्त वेळ नुसतं पाहत बसणं. त्यांच्या चित्रात भावना कमी आहे असं म्हणायची कुणाची छाती आहे? रेषांची अमूर्त चित्रं काढणाऱ्या नसरीन मोहमदी यांचं शरीर आजाराने साथ सोडत होतं, तरी त्यांच्या शाईच्या रेषा काटेकोर राहिल्या. १९९० साली किहीमला त्या गेल्या. त्या रेषांमध्ये आकांत शोधून सापडत नाही, पण समोरून हलवतही नाही. मला हळहळ वाटते ती मुलांच्या चांगल्या पहिल्या थरांची. ते घाईने दिलेल्या दुसऱ्या थराखाली गाडले जातात आणि पुन्हा कुणाला दिसत नाहीत.

दोन गोष्टी चित्राबाहेरच्या. बंद खोलीत टर्पेंटाइन वापरून त्याच खोलीत झोपतेस, हे ताबडतोब थांबव. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ हे सगळं त्या वाफेनेही होतं आणि तू ते मनाच्या खात्यावर मांडत बसतेस. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस, त्या आपोआप पेटतात. पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून झाकण लाव. दुसरी गोष्ट: झोप उडाली, जेवण जाईना, जगूच नये असं वाटायला लागलं, तर ब्रश खाली ठेव आणि १४४१६ वर फोन कर. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. चित्र डॉक्टरचं काम करू शकत नाही. त्याच्याकडून ते करून घेऊ नकोस.

रात्रीसाठी कागद ठेव, कॅनव्हास नको. क्वार्टर इम्पीरियल आकाराच्या (साधारण ११ बाय १५ इंच) कार्ट्रिज या जाडसर चित्रकागदाचा गठ्ठा, पोस्टर कलर, शाई, जुना ब्रश. वीस मिनिटांचा गजर लाव आणि हवं ते कर, ओल्यावर ओलं कर, फाड, घास. तिथे मी वाळू दे म्हणणार नाही. गजर झाला की थांब, मागे तारीख आणि वापरलेल्या रंगांची नावं लिही. मनात काय चाललं होतं ते लिहू नकोस. फोटो काढून त्याच रात्री कुणाला पाठवूही नकोस. तीन आठवडे गठ्ठा उघडायचा नाही. मग दिवसाउजेडी, जाड पुठ्ठ्यात दोन इंची चौकोनी खिडकी कापून ती कागदांवरून फिरव. दहातले नऊ कागद रद्दीत जातील. एखाद्यात कुठेतरी कोपऱ्यात दोन रंग एकमेकांशेजारी नीट बसलेले सापडतील. कॅनव्हासवर जायचं ते तेवढं.

कॅनव्हास बारा इंची चौकोनी पुरे. जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने. ट्यूब चारच: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), टिटॅनियम व्हाइट. काळा विकत घेऊ नकोस. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून खोल, जवळजवळ काळा रंग होतो, आणि कुणाचं प्रमाण वाढवतेस त्यावर तो थंड किंवा ऊबदार करता येतो. दिवसाला एक थर, तोही उजेड असताना. थर दिलास की ब्रश धुवून टाक, म्हणजे हात परत जाणार नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी हात शिवशिवतील, ‘इथे जरा लाल’ असं वाटेल. त्या दिवशी लाल कागदावर लाव. दुसऱ्या दिवशीही तो हवासा वाटला, तर बाजारात जाऊन पाचवी ट्यूब घे.